ऑईल बदली : शोरूम, फाट्यावरचा मिस्त्री की घरीच पाना हाती घ्यायचा?

पऱ्हाटी_पुत्र
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं आहे आमचं, तालुक्याच्या शोरूमचं नाव घेत नाई, उगाच भानगड नको. स्प्लेंडर आहे २०१९ ची. मागच्या आठवड्यात सर्विसिंगले टाकली, ऑईल बदललं, बिल घेतलं, गाडी घरी आणली. सकाळी पाहतो तर ओसरीतल्या फरशीवर गाडीखाली तेलाचा डाग, बोट लावून पाह्यलं तर साफ पिवळं, म्हणजे नवीनच ऑईल. खाली वाकलो तर ड्रेन बोल्टाच्या (जुनं ऑईल सोडायचा खालचा बोल्ट) डोक्याले थेंब धरून होता, पुसला की थोड्या वेळानं परत हजर. पान्यानं हलकासा कसून पाह्यला तर बोल्ट नुसता फिरतेच आहे, कुठं अडतच नाई. आटे गेले समजा.

शोरूमले फोन केला तर म्हणे गाडी जुनी आहे, आटे आधीचेच खराब असतील, इंजिनची खालची केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, बदलावी लागते. आता भाऊ म्हणून राहिला की यापुढं ऑईल घरीच बदलायचं, यूट्यूबवर सगळं असते. बाबा म्हणतात कंपनीच्या माणसाशिवाय इंजिनले हात लावायचा नाई. तुमच्याकडं कोण काय करते? आणि केसिंग खरंच बदलावी लागते का हो?

तर्री_पोहे
घरीच कर बे. सतराचा पाना, जुनं टमरेल अन् ऑईलचा डबा, झालं काम. याच्यासाठी तालुक्याले जाऊन अर्धा दिवस घालवायचा काऊन?

सतराचा_पाना
केसिंग बदलू नको भाऊ, थांब. फाट्यावर माहं गॅरेज आहे, हे काम आमच्याकडं नेहमीच येते. केसिंग ॲल्युमिनियमची असते अन् बोल्ट लोखंडाचा. जास्त कसलं की बोल्टाले काही होत नाई, आतले आटेच सोलून निघतात. अन् हे एकाच बारीत होते असं नाई, दर खेपेस कोणी ना कोणी थोडं थोडं ताणते, अन् ज्याच्या हाती शेवटी सुटते त्याच्या नावावर बिल फाटते. म्हणून शोरूमवाला म्हणते ते अगदीच खोटं नाई, पण गाडी पयल्यापासून त्यांच्याकडंच जात असंन तर आधी ताणणारे पण तेच ना?

उपाय दोन आहेत. एक, ओव्हरसाईज बोल्ट, थोडा जाड, स्वतःचे आटे पाडत जाते. दुसरा, लेथवाल्याकडून नवीन आटे पाडून आत स्प्रिंगचे आटे बसवून घ्यायचे, हेलिकॉइल म्हणतात, मग जुन्याच मापाचा बोल्ट चालते. मी दुसरं सांगीन. फक्त एक पाहजो, टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारतानी त्याले ग्रीस भरपूर लावायले सांग म्हणजे ॲल्युमिनियमचा बुरा ग्रीसले चिकटून बाहेर येते. नंतर थोडं स्वस्तातलं ऑईल वरून सोडून खालून वाहून जाऊ दे, अन् मगच बोल्ट लाव. बुरा आत राह्यला तर आट्यापेक्षा मोठं काम निघन.

टेफ्लॉन टेप, एमसील असले धंदे करू नको. रस्त्यात बोल्ट पडला तर इंजिनच जाम होईन.

मूळगाव_दारव्हा
मी सध्या पुण्यात असतो, गाड्यांच्या कंपनीतच काम करतो. भाऊचं म्हणणं बरोबर आहे, ऑईल बदलणं हे घरी करण्यासारखं सगळ्यात सोपं काम आहे. पण सोपं असल्यामुळेच लोक मॅन्युअल उघडत नाहीत आणि तिथेच चुकतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऑईल कोणतं टाकायचं. गिअरच्या मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांनाही एकच तेल पुरतं, क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, तिथं ती चांगली, इथं मात्र क्लच घसरायला लागतो. म्हणून डब्यावर जासो एमए, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचसाठीचं मानक, लिहिलेलं आहे का ते बघायचं. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी जासो एमबी. स्प्लेंडरला १०डब्ल्यू३० सांगितलंय, हा तेलाच्या जाडपणाचा ग्रेड.

तर्री_पोहे
आमच्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री असते पुणेकर, १०डब्ल्यू३० पाण्यासारखं होते म्हणून लोक २०डब्ल्यू५० टाकतात, जाड असलं की इंजिन थंड राहते.

मूळगाव_दारव्हा
पुणेकर नका म्हणू हो, दारव्ह्याचाच आहे मी 🙂 जाड ऑईलने इंजिन थंड राहत नाही, उलट तेल ढकलायला जोर लागतो, ॲव्हरेज पडतं आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या भागापर्यंत तेल पोहोचायला वेळ लागतो. बाहेर ४५ असलं तरी इंजिनच्या आतलं तेल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त तापतं, आणि ३० हा आकडा त्या गरमपणासाठीच दिलेला असतो. ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू५० लिहिलंय तिला तेच टाका, बुलेटला कंपनी १५डब्ल्यू५० सांगते तर ते टाका. उन्हाळा बघून आपल्या मनाने ठरवू नका.

सतराचा_पाना
हे मात्र खरं सांगितलं दादानं. क्लच स्लिप म्हणून जितक्या गाड्या माह्याकडं येतात त्यातल्या बऱ्याच जणाइनं घरच्या कारमधलं उरलेलं ऑईल टाकलेलं असते. प्लेटा बदला म्हणतात. मी पयले ऑईलच विचारतो.

झेडपी_बाई
चांगला धागा आहे. मी शिक्षिका आहे, रोज स्कूटरने शाळेत जाणं-येणं. आमच्या शाळेतल्या एका सरांनी सुट्टीत घरी ऑईल बदललं आणि गाडी दोनच दिवसांत धूर मारायला लागली, मागच्या चाकातून घरघर आवाज. मेकॅनिकने उघडलं तेव्हा कळलं की स्कूटरला खाली दोन बोल्ट असतात, एक इंजिन ऑईलचा आणि दुसरा मागच्या चाकाजवळ गिअर ऑईलचा. सरांनी काढलं गिअर ऑईल, ते शंभर-सव्वाशे मिलीच असतं, "एवढंच कसं निघालं" म्हणून त्यांना शंकासुद्धा आली म्हणे. आणि मग इंजिनात नवीन ऑईलचा अख्खा डबा ओतला, म्हणजे आत जुनं अधिक नवीन. गिअर कोरडा आणि इंजिनात दुप्पट तेल. गणिताचे सर आहेत, आम्ही अजून चिडवतो त्यांना.

तर्री_पोहे
गणिताचे सर 😂😂

सतराचा_पाना
मॅडम, हसण्यावारी नेऊ नोका, हे गॅरेजवाल्याइकडून पण होते. नवीन पोट्टं ठेवलं असंन अन् मिस्त्री चहाले गेला असंन तर झालंच समजा. जास्त ऑईल झालं की आतला फिरता क्रँक त्याले घुसळते, ताकासारखा फेस येते, फेसाचं वंगण काही कामाचं नसते. वरून प्रेशर वाढते, तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा सोडायच्या, नळीतून एअर फिल्टरमंधी जाते, सील गळतात. लोकाइले वाटते कमी पडलं तरच नुकसान, जास्त टाकलं तर बरंच की.

रोटावेटर_काका
पोरांनो तुम्ही फटफटीचंच घेऊन बसले, ट्रॅक्टरचं पण आयका. माह्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरात सात-आठ लिटर ऑईल बसते, १५डब्ल्यू४०, अन् ते किलोमीटरवर नाई तासावर बदलावं लागते, मीटरवर २५० तास झाले की बदला असं पुस्तकात आहे, पण आमच्याकडं मीटर कोण पाहते, सगळ्याइले मिरगाच्या तोंडावर आठवण येते अन् मग मिस्त्र्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग, कोणाचं रोटावेटर अडलं, कोणाची पेरणी तोंडावर आली, तो बिचारा एका हातानं फिल्टर कसते अन् दुसऱ्या हातात फोन, त्या गडबडीत जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलेच चिकटून राहते अन् त्याच्यावरच नवीन फिल्टर चढवते, दोन रबर एकावर एक, ट्रॅक्टर चालू केला की बाजूनं तेलाची पिचकारी. आमच्या शेजारच्या शिवारात असंच झालतं, वावरात तेल सांडलं अन् इंजिन चालू राह्यलं ते राह्यलंच, बेअरिंग गेले. म्हणून मी होळी झाली की लगेच काम आटोपून घेतो, तेव्हा मिस्त्री रिकामा असते, त्याच्याजवळ खाटेवर बसून आपल्या डोळ्यानं पाहता येते.

अन् दुसरी गोष्ट, डिझलचं ऑईल बदलल्यावर थोड्याच तासात काळं पडते, त्याले पाहून घाबरू नोका. काजळी धरून ठेवणं हेच त्या तेलाचं काम आहे. काळ्यापेक्षा दुधाळ झालं तर घाबरा, म्हणजे आत पाणी गेलं.

पऱ्हाटी_पुत्र
काका, दुधाळवरून आठवलं, पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली अन् पाणी इंजिनच्या वर गेलतं, तेव्हा पण असंच होते का?

सतराचा_पाना
होऊ शकते. पाण्यात गाडी बंद पडली असंन तर किक मारत बसायचं नाई, ढकलत आण, ऑईल खोलून पाय. दुधाळ असंन तर बदल, थोडं चालवून पुन्हा एकदा बदल. दुसऱ्या बारीले स्वस्तातलं चालते पण ग्रेड तीच पायजे.

वरूडची_संत्री
तुम्ही सगळे ग्रेडवर भांडून राहिले, पण डब्यात आत काय आहे ते कोण पाहते? आमच्याकडं बाजारात डुप्लिकेट ऑईल लय येते. कबाडीवाले ब्रँडचे रिकामे डबे वेगळे काढून जास्त भाव देतात तेव्हाच समजून घ्या ते कायले पायजेत. मी तर रिकाम्या डब्याले खिळ्यानं भोक पाडतो अन् झाकणाचं सील तोडून टाकतो. घेतानी पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या, झाकणाखालचं सील पाहा, कोड असला तर फोनवर तपासून घ्या. सत्तर-ऐंशी रुपये स्वस्त भेटते म्हणून एस टी स्टँडच्या टपरीवरून ऑईल घेऊ नोका.

सतराचा_पाना
आता मी माह्या बाजूनं पण दोन शब्द सांगतो, रागावू नोका. ऑईल बदलायची मजुरी गावात लोक पन्नास रुपयेसुद्धा देतानी का-कू करतात. मिस्त्र्याले जे सुटते ते ऑईलच्या डब्यातच सुटते. तुम्ही स्वतःचं ऑईल आणलं की तेही गेलं. मग काय होते, काही मिस्त्री चार गाड्याचं काम एकत्र धरतात, जुनं वॉशर तसंच लावतात, कोणी तर सुट्या ड्रमातलं ऑईल मापानं टाकते. मी त्याइचं समर्थन करत नाई. पण विश्वास विश्वास म्हणता तर पयले मजुरी नीट द्या अन् मग समोर उभं राहून काम करून घ्या. ज्या मिस्त्र्याले तुमचं उभं राहणं खटकते त्याच्याकडं जाऊ नोका.

अन् डिझेल टाकून इंजिन धुऊन देतो म्हणणाऱ्याले हात जोडा.

रोटावेटर_काका
काऊन बा? माह्या वडलाइपासून डिझलनंच धुतात सगळे. डिझल टाकायचं, दोन मिनिट चालू करायचं, सोडून द्यायचं. आतला मळ निघते.

सतराचा_पाना
काका, तेव्हाचं ऑईल वेगळं होतं, आतमंधी थर धरायचं. आताच्या ऑईलमंधी मळ धरून ठेवायची रसायनं असतातच. डिझलले वंगण कमी, त्याच्यावर इंजिन चालवलं की बेअरिंग घासतात. अन् सगळं डिझल कधीच निघत नाई, कोपऱ्यात राहते अन् नवीन ऑईल पातळ करते. इंजिन गरम करून बोल्ट खोला, जरा जास्त वेळ निथळू द्या, तेवढं पुरते.

रोटावेटर_काका
ठीक आहे बापा, पटलं अर्धं. बाकीचं मिस्त्र्याले विचारतो.

मूळगाव_दारव्हा
लेव्हलचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते घरी बदला की बाहेर, ही एक गोष्ट मालकाने स्वतः करायलाच हवी. शोरूममधून गाडी घेतल्यावर गेटच्या बाहेर पडायच्या आधी करा. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर, साइड स्टँडवर अजिबात नाही. तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं तेल खाली बसू द्या. मग डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी, फिरवून काढा, कापडाने पुसा आणि परत आत ठेवा, पण आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. बाहेर काढा. तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवं. फिरवून घट्ट बसवून मोजलं तर काडी आत जास्त जाते, तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि आपण निवांत राहतो. स्प्लेंडर आणि तसल्या बऱ्याच गाड्यांना हीच पद्धत आहे, काही गाड्यांना काडीऐवजी बाजूला काचेची खिडकी असते.

तेव्हाच खाली वाकून बोल्टाभोवती बोट फिरवा. कोरडं हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत.

झेडपी_बाई
हे नुसतं टेकवायचं मला आजच कळलं. इतकी वर्षं फिरवूनच बघत होतो आम्ही घरात सगळे.

तर्री_पोहे
दर दोन हजार किलोमीटरले ऑईल बदलायचं का मग? मिस्त्री तर म्हणते दोन हजारले बदलच.

मूळगाव_दारव्हा
स्प्लेंडरच्या मॅन्युअलमध्ये सहा हजाराला बदल आणि मध्ये तीन हजाराला टॉपअप असं आहे. धुळीचा रस्ता, तीन माणसं, मागे खताची बॅग, असं चालवत असाल तर आधी बदला, तीन-साडेतीन हजाराला. पण दोन हजाराला बदलणं म्हणजे चांगलं तेल ओतून टाकणं.

सतराचा_पाना
दोन हजारवाले मिस्त्री ते डब्यातलं कमिशन पाहतात 😄 मी तीन सांगतो. आमच्या काळ्या मातीच्या धुळीत एअर फिल्टर पयले पाहा, तो भरला असंन तर ऑईल कितीही बदला. ट्रॅक्टरवाले पण पाहा, ज्याले खाली तेलाची वाटी असलेला एअर क्लीनर आहे, त्या वाटीतलं तेल मळणीच्या दिवसात रोज पाहावं लागते, बुडाशी गाळाचा थर दिसतेच.

वरूडची_संत्री
@पऱ्हाटी_पुत्र, शोरूमले नुसता फोन करू नको. फोन केला हे उद्या ते मान्यच करणार नाई. बिल, जॉबकार्ड, डागाचा अन् बोल्टाचा फोटो तारखेसहित, हे सगळं व्हॉट्सॲपवर अन् मेलवर पाठव. ऐकलं नाई तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनले तक्रार टाक, मराठीत बोलता येते. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखापर्यंतच्या कामाले फी लागत नाई, वकील पण लागतेच असं नाई.

तर्री_पोहे
एका बोल्टासाठी यवतमाळले चकरा मारीन का तो? पेट्रोलच जास्त जाईन.

वरूडची_संत्री
चकरा मारायची वेळ येतच नाई बहुतेक. लेखी गेलं की मॅनेजर नरमते. आपण लेखी देतच नाई, म्हणून ते आपल्याले गाडी जुनी आहे म्हणून वाटेले लावतात. मोठ्या कंपन्या पण धुतल्या तांदळाच्या नाईत, २०१४ मधे स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्याइले मिळून अडीच हजार कोटीच्या वर दंड ठोकला होता, बाहेरच्या मेकॅनिकले स्पेअर पार्ट अन् माहिती देत नाई म्हणून.

झेडपी_बाई
वॉरंटी असलेल्या गाडीला मात्र घरी हात लावू नका. फ्री सर्विसच्या काळात मजुरी माफ असते, ऑईलचेच पैसे लागतात, आणि सर्विस चुकवली तर उद्या इंजिनचं काही निघालं की आधी पुस्तकातले शिक्केच मागतात. मुदत संपली की मग बघा.

आणि एक सांगायचं होतं. घरी बदलणारे जुनं ऑईल कुठे टाकतात? आमच्या गावात एकाने विहिरीजवळच्या खड्ड्यात ओतलं होतं, पावसाळ्यात पाण्यावर तवंग आला. त्या विहिरीचं पाणी शाळेत येतं.

रोटावेटर_काका
आम्ही तर बंडीच्या आसाले लावतो, वखराच्या पासीले लावतो म्हणजे गंज धरत नाई, गोठ्याच्या लाकडाले उधई लागत नाई. फेकत नाई कोणी. पण विहिरीजवळ ओतणाऱ्याले चार शब्द सुनावले पायजेत, हे बरोबर.

सतराचा_पाना
गोठ्याच्या लाकडाले लावता तर गुरं चाटणार नाईत इतक्या उंचीवर लावा काका. अन् उघड्या हातानं नोका लावू, ते वापरलेलं तेल चामडीले चांगलं नसते. उरलं तर डब्यात भरून माह्यासारख्या गॅरेजवर आणून द्या, जुनं ऑईल घेणारा माणूस येते, तो पुढं ते साफ करणाऱ्या कारखान्याले देते.

पऱ्हाटी_पुत्र
सगळ्याइचे आभार. अपडेट देतो. फोटो अन् बिल मॅनेजरले पाठवलं, सोबत लेखी अर्ज. दोन दिवस काहीच नाई, मग स्वतःच फोन आला. केसिंग बदलायची भाषा गायब. म्हणे आम्ही लेथवर आटे करून देतो, पैसे लागणार नाईत, ऑईल पण नवीन टाकून देऊ. मी म्हटलं काम मी समोर उभं राहून पाहीन, ते पण मान्य केलं. @सतराचा_पाना भाऊ, तुमचं ग्रीसचं मी त्या लेथवाल्याले सांगितलं तर तो हसला, म्हणे कोण शिकवलं तुले. पण लावलं त्यानं भरपूर, अन् टॅप बाहेर काढला तेव्हा ग्रीसमंधी चकचकीत बुरा अडकून होता, माह्या डोळ्यानं पाह्यला. नंतर तेल सोडून धुतलं, नवीन वॉशर टाकलं, डबल स्टँडवर लावून काडी टेकवून पाह्यली, दोन खुणाइच्या बराबर मधात. आज तिसरा दिवस, फरशी कोरडी.

पुढची बदली घरी करावी असं भाऊचं चालू आहे. बाबा अजून नाईच म्हणतात. बोल्ट किती कसायचा तेवढं सांगून ठेवा, परत आटे गेले तर बाबा घरात घेणार नाईत.

सतराचा_पाना
पयले हातानं फिरव, पान्याशिवाय, शेवटपर्यंत. हातानं जात नसंन तर वाकडा बसला, काढ अन् परत लाव. मंग छोटा रिंग पाना घे, लांब पाईप लावायचा नाई, मनगटाच्या जोरानं वॉशर दबल्याचं हाताले कळते, तिथून किंचित पुढं अन् बस. टॉर्क पाना, म्हणजे कसायचा जोर मोजणारा, भेटला तर आकडा मॅन्युअलमंधी पाह्य. पयल्या बारीले गाडी घेऊन फाट्यावर ये, तू कस, मी पाहतो. बाबाइले पण आण.

तर्री_पोहे
मी पण येतो. चहा कोणाकडून?

सतराचा_पाना
तुह्याकडून. तूच म्हणत होता टमरेल अन् पाना असला की झालं काम.